कूबर पीडी: त्या ढिगांवर चढू नका

ॲडलेडला शिकणाऱ्या भाच्याने सुट्टीचा बेत म्हणून घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलाय. ‘ॲडलेडजवळ कूबर पीडी हे अख्खं शहर जमिनीखाली आहे. युद्धात बॉम्बपासून वाचायला ते खोदलं. बाहेर रोज 50 अंश. पाणी विमानाने येतं. ओपल उघड्यावर पडलेले असतात, दिसेल ते उचला!’

शेवटचं आधी घेऊ, कारण बाकीच्या थापांनी कोणाचा जीव जात नाही. ओपल या रत्नासाठी ड्रिलिंग रिग साधारण मीटरभर रुंदीचं भोक सरळ खाली पाडते, वीस-पंचवीस मीटरसुद्धा. निघालेल्या मातीचा ढीग शेजारीच पडतो. काम संपलं की यंत्र पुढे जातं आणि भोक बहुतेकदा उघडंच राहतं. ना कठडा, ना झाकण. माणूस फोटोसाठी ढिगाशी जातो, फ्रेममध्ये बसायला दोन पावलं मागे सरकतो, की खेळ खलास. ‘उलटं चालू नका’ अशा पाट्या तिथे उगाच लावलेल्या नाहीत. शिवाय तो माल बेवारस नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या 1995 च्या ओपल खाणकाम कायद्याप्रमाणे परवानाधारक चार कोपऱ्यांवर खुंट ठोकून पट्टा नोंदवतो. त्यातला ढीग चाळायचा तर त्याची संमती हवी. हौसच असेल तर गावात ‘नूडलिंग’साठी, म्हणजे उपसलेली माती चाळायला, मोकळी जागा ठेवली आहे. हाती बहुधा पॉच लागेल: रंग न खेळणारा, कवडीमोल ओपल.

‘अख्खं शहर’ म्हणजे दीड हजारांच्या आसपास वस्ती, त्यातली साधारण निम्मी भुयारी घरांत. डोक्यावर निदान चार मीटर खडक राखतात, हवेसाठी छतातून नळ काढतात, धूळ झडू नये म्हणून भिंतींना सीलंट मारतात. आत बारमाही तेवीस ते पंचवीस अंश.

बॉम्बचं काय? ओपल सापडला 1915 साली, सोनं शोधणाऱ्या तुकडीतल्या चौदा वर्षांच्या विली हचिसनला. पहिल्या महायुद्धाहून परतलेले सैनिक तिथे खोदायला आले आणि खंदकातली सवय घेऊन आले, एवढं मान्य करावं लागेल. पण भुयारात शिरले ते उन्हाला कंटाळून.

जानेवारीतलं सरासरी कमाल तापमान 37 अंशांच्या घरात असतं. पाणी चोवीस किलोमीटरवरच्या बोअरचं, क्षार काढून नळाला येतं. आणि ‘ॲडलेडजवळ’? स्टुअर्ट हायवेने 846 किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई ते नागपूर. अंधार पडल्यावर गाडी हाकू नकोस रे, कांगारू आणि गुरं थेट रस्त्यावर येतात.