ॲक्सेप्ट बोथ दाबा आणि गड्ड्याला चला

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यात दोघांचे बदल एकत्र करायचे, म्हणजे मर्ज करायचं, तर टूल निवडताना फार डोकं चालवू नका. मेल्ड, केडिफ-थ्री फुकट मिळतात, पण त्यांत कॉपी शेजारी-शेजारी दिसतात. म्हणजे वाचणं आलं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये 'ॲक्सेप्ट बोथ चेंजेस', म्हणजे दोघांचंही ठेवा, असं बटण आहे ना? बास.

गणपतीत काढलेली ब्रांच, म्हणजे कोडची तुमची वेगळी प्रत, थेट जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला मेनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य ब्रांचमध्ये मर्ज करा. मधे मेन घ्यायचं नाही, चालतंय ते उगाच बिघडतं.

जाता जाता फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी नीट करणारं टूल, सगळ्या फाइलवर फिरवा. बदल दोन ओळींचा असला तरी डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, नऊशेची दिसली पाहिजे. काम केल्यासारखं वाटतं.

आता कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच ओळीत दोघांचे वेगवेगळे बदल. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर कारखान्याचं बिलिंग आहे. १५०० रुपयांच्या चादरीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मेनवर कुणीतरी त्या ओळीत ५ केलं. तुमच्या ब्रांचमध्ये त्याच ओळीत १२ तसेच ठेवून तुम्ही राउंड-ऑफ घातलं. दाबा 'बोथ'. वर ५ ची ओळ, खाली १२ ची. कंपायलर हूं की चूं करत नाही, कारण दोन्ही ओळी चालणाऱ्याच आहेत. फक्त खालची वरचीला पुसून टाकते. टॅक्स ७५ च्या जागी १८० लागतो, आणि पार्टीचा फोन येतो तो तुम्हाला नाही, दुसऱ्यालाच. गिटच्या 'मर्ज.कॉन्फ्लिक्टस्टाइल' या सेटिंगला डिफ-थ्री दिलं असतं तर मधे मूळ ओळही दिसली असती: १२, राउंड-ऑफ नाही. म्हणजे एकानं दर बदलला, दुसऱ्यानं राउंड-ऑफ घातलं. हवी ती एकच ओळ, ५ आणि राउंड-ऑफ. एवढं कळायला काय डिग्री लागते? एक सेटिंग, तेही जन्मात एकदा!

कॉमिट मेसेज, म्हणजे बदल नोंदवताना लिहायची ओळ: 'फिक्स'.

पुश, म्हणजे बदल सर्व्हरवर चढवणं, रिजेक्ट झाला? --फोर्स, म्हणजे सर्व्हरवरचं पुसून तुमचंच चढवा. --फोर्स-विथ-लीज नको, दुसऱ्याचं नवं काम दिसलं की ते अडून बसतं. मग फोन सायलेंटवर, आणि गड्ड्यात पाळणा.

काय बे हे? कळत नव्हतं तर 'गिट मर्ज --अबॉर्ट' करायचं आणि ज्यानं ती ओळ लिहिली त्याला विचारायचं. 'गिट ब्लेम' नाव सांगतं, आणि तो माणूस शेजारच्याच खुर्चीत बसतो! आता 'माझ्याकडं चालतंय की' म्हणू नका. तुमच्या --फोर्सनं दुसऱ्याचं काम पुसलंय, तेव्हा ज्याच्या मशीनवर जुनं मेन शाबूत आहे त्याला आधी सांगा, पुल मारू नको, म्हणजे सर्व्हरवरचं खाली ओढू नको म्हणून. त्याच्याकडून ती पुसलेली कॉमिट घ्या, मर्ज परत करा, एकेक ओळ वाचून. आणि फोन उचला.