मागून धडक बसलेला पिकअप आणि ‘बंपर बदला, काम झाले’ हा सल्ला

मागून धडक बसलेल्या पिकअपच्या मालकाला एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो: गाडी जाड चासीवर बांधलेली आहे, ती अशा धडकेने वाकत नाही, बंपर थोडाच चेपला असेल, गाडी सरळ चालत असेल आणि एअरबॅग उघडली नसेल, तर बंपर बदला, काम झाले. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण यातले एकेक विधान गाडीखाली वाकून तपासले, तर एकही टिकत नाही.

चासी वाकत नाही, हे पहिले विधान. चासीच्या दोन लांब पोलादी तुळया मागच्या ॲक्सलजवळ वर चढतात आणि पलीकडे पुन्हा खाली येतात, कारण ॲक्सलला वर-खाली हलायला जागा हवी असते. सरळ तुळईने सोसला असता असा जोर या वळणाशी येऊन तिला वाकवतो. धडक एका कोपऱ्यावर बसली, तर एक तुळई दुसरीच्या पुढे सरकते आणि आयताचा तिरका चौकोन होतो. शिवाय अनेक नव्या गाड्यांत तुळईची टोके धडकेत दुमडावीत अशीच घडवलेली असतात.

हा तिरकेपणा पकडायला सुरुवातीला मोठे यंत्र लागत नाही. सपाट फरशीवर गाडी उभी करून दोन्ही तुळयांवरच्या, कारखान्यातच पाडलेल्या समोरासमोरच्या छिद्रांतून ओळंबा सोडावा, खाली खडूने चार खुणा कराव्यात, गाडी बाजूला घ्यावी आणि दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. कर्णांत ठळक फरक आला, तर चासी मोजण्याच्या बाकावर गाडी चढवून उत्पादकाच्या मापांशी ताडून पाहण्यावाचून पर्याय नाही. तुळई वर किंवा खाली वाकलेली असेल तर मात्र हे माप फसते. त्यासाठी केबिन आणि हौदा यांच्यामधली फट पाहावी. ती वर रुंद आणि खाली अरुंद किंवा याच्या उलट झाली असेल, किंवा फाळका एका बाजूला घासू लागला असेल, तर त्याचे कारण बहुधा पत्र्यात नसून त्याच्या खाली असते.

बंपर ठीक म्हणजे मागचे सारे ठीक, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. प्लॅस्टिकचे आवरण दबून पुन्हा मूळ आकारात येते. ट्रेलर ओढण्याचा हुक असलेल्या गाडीत तर तो बंपरच्या बाहेर आलेला असल्याने धडक आधी त्यालाच बसते आणि जोर बंपरला न शिवता थेट चासीत जातो. हुकाच्या बोल्टच्या डोक्याशी टॉर्च धरून पाहावे: रंग आणि धूळ यांच्यामध्ये कोऱ्या धातूची बारीक चंद्रकोर चमकत असेल, तर तो बोल्ट जागचा सरकला आहे. स्टेपनी पुढे ढकलली जाऊन डिफरन्शियलला (मागच्या ॲक्सलच्या मधल्या, गिअर असलेल्या फुगीर भागाला) किंवा इंधनाच्या टाकीला टेकली आहे का, टाकीचे पट्टे आणि सायलेन्सरचे रबरी टांगे जागेवर आहेत का, हेही पाहावे. इंधनाचा वास येत असेल तर गाडी सुरूच करू नये, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

गाडी सरळ चालते, याला पुरावा मानता येत नाही. मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांना ॲक्सलवर जागेत धरणारा सेंटर बोल्ट तुटला, तर त्या बाजूचा ॲक्सल थोडा सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी धावते. चालक नकळत स्टिअरिंग किंचित वळवून धरतो. त्यावर फक्त पुढच्या चाकांचे अलाइनमेंट केले, तर स्टिअरिंग सरळ होते, लक्षण झाकले जाते आणि दोष तसाच राहतो. चाके सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. ओल्या जमिनीवरून सरळ गेल्यावर मागच्या चाकांचे ठसे पुढच्यांच्या एकाच बाजूला पडत असतील, तर मोजण्याआधीच उत्तर मिळते.

एअरबॅगचे उत्तर थोडक्यात देता येते. पुढच्या एअरबॅग पुढून बसणाऱ्या धडकेसाठी असतात. मागच्या धडकेत त्या उघडल्या नाहीत, यावरून धडक हलकी होती असे ठरत नाही. त्याऐवजी माणसाचे वजन ज्यांनी झेलले ती सीटची पाठ, तिचे कुलूप आणि डोक्यामागचा आधार तपासावा.

चालण्याच्या वेगाने, सपाट बसलेल्या धडकेत पुष्कळदा बंपरवरच निभावते, हे मान्य आहे. पण ते पाहिल्यानंतरच म्हणता येते. जुना बंपर उतरला की त्याच्या ब्रॅकेटची छिद्रे उघडी पडतात आणि ती गोल आहेत की लांबट झाली आहेत, हे दिसते. नवा बंपर चढवण्याआधी, विमा कंपनीच्या अंतिम कागदावर सही करण्याआधी, त्या छिद्रांची आणि मागच्या तुळईच्या टोकांची जवळून छायाचित्रे घ्यावीत, कारण नव्या बंपरमागे ही जागा पुन्हा झाकली जाते.