आधी मत ठरवा, मग पोथी उघडा

निवडणूक जवळ आली की काही भाबडे मतदार आधी उमेदवाराच्या धर्माची पोथी वाचतात आणि मग मत कुणाला द्यायचं ते ठरवतात. तुम्ही असलं काही करू नका. आधी मत पक्कं करा, मग पोथी उघडा. म्हणजे कोणतं पान शोधायचं ते आधीच ठाऊक असतं आणि बाकीची पानं वाचण्याचा ताप वाचतो.

सरावासाठी 2012 ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक घेऊ. (परदेशातलं उदाहरण बरं पडतं, मोकळेपणाने हसता येतं.) एकीकडे बराक ओबामा, दुसरीकडे मिट रॉम्नी. रॉम्नी मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतच जन्मलेल्या, स्वतःची वेगळी पोथी असलेल्या ख्रिस्ती पंथाचे, तेव्हा सामग्रीची ददात नाही.

समजा, रॉम्नी तुम्हाला नकोत. मग त्यांच्या पोथीतल्या, म्हणजे ‘बुक ऑफ मॉर्मन’मधल्या, नेफीच्या दुसऱ्या ग्रंथाचा पाचवा अध्याय काढा. देवाचं न ऐकणाऱ्या लेमनाइट नावाच्या लोकांची कातडी शिक्षा म्हणून काळी झाली, असं तिथे छापलेलं आहे. त्यावर इतिहासाची फोडणी द्या. या चर्चमध्ये पुरोहितपद म्हणजे मूठभरांचा मान नव्हे, बारा वर्षांच्या पोरालाही ते मिळतं. फक्त पोरगा काळा नसावा. हा नियम 1852 मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिगम यंग यांनी जाहीर केला आणि तो 1978 पर्यंत टिकला. त्याआधी, 1836 मध्ये, एलायजा एबल या काळ्या माणसाला पुरोहितपद मिळालं होतं, पण तो तपशील सांगत बसू नका, ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो. त्यापेक्षा वयाचा हिशेब मांडा. रॉम्नींचा जन्म 1947 चा. नियम उठला तेव्हा ते 31 वर्षांचे होते, फ्रान्समध्ये धर्मप्रचार करून आलेले, हार्वर्डच्या दोन पदव्या घेतलेले. हिशेब इथेच थांबवा. समोरच्याने तुमचं वय आणि तुमची पोथी विचारण्याआधी विषय बदला.

आता समजा, रॉम्नी तुम्हाला हवेत. पोथी तीच, फक्त पान वेगळं. जून 1978 मध्ये चर्चच्या अध्यक्षांना साक्षात्कार झाला आणि पुरोहितपद सर्व पात्र पुरुषांना खुलं झालं. रॉम्नींनी ही बातमी गाडीत रेडिओवर ऐकली, गाडी कडेला घेतली आणि ते रडले. हे त्यांनी स्वतः 2007 मध्ये एका मुलाखतीत सांगितलं आहे. प्रसंग हृद्य आहे, अवश्य वापरा. त्याआधीच्या 31 वर्षांत गाडी किती वेळा कडेला घेतली, असं कुणी विचारलं तर दुखावल्यासारखा चेहरा करा.

शब्दांचंही बघा. त्याच ग्रंथात एके ठिकाणी वचन आहे की श्रद्धा ठेवली तर लेमनाइट ‘गोरे आणि देखणे’ होतील. 1840 च्या आवृत्तीत ‘गोरे’च्या जागी ‘शुद्ध’ आलं, पुढच्या आवृत्त्यांत पुन्हा ‘गोरे’ झालं, आणि 1981 मध्ये कायमचं ‘शुद्ध’. देवाच्या शब्दाला शुद्धिपत्रक कसं, हा प्रश्न विरोधी गोटातल्या माणसाचा ओळखावा. आपल्या गोटात याला ‘मूळ अर्थ स्पष्ट करणं’ म्हणतात.

स्वतःच्या पोथीचं काय? ती कपाटात सुरक्षित असते, तिथेच राहू द्या. मॉर्मनांना नाक मुरडणाऱ्या गोऱ्या इव्हॅन्जेलिकल (बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या प्रॉटेस्टंट) मंडळींकडून हे शिकण्यासारखं आहे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा शाप देतो तो आपल्या नातवाला, कनानला. कातडीच्या रंगाचा तिथे एक शब्द नाही. तरी त्याच अध्यायावर अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या गुलामगिरी पोसली गेली. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट चर्चची संघटना 1845 मध्ये वेगळी झाली, ते गुलाममालकांना मिशनरी होता यावं म्हणून. माफी मागितली 1995 मध्ये. म्हणजे बरोबर दीडशे वर्षांनी, घाई न करता. 1965 मध्ये व्हर्जिनियातल्या एका न्यायाधीशाने गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाबद्दलची शिक्षा कायम ठेवताना लिहिलं की देवाने वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, म्हणजे त्यांनी मिसळावं असं त्याच्या मनात नव्हतं. मग गोरे अमेरिकेत कसे पोचले, हे निकालात नाही. बॉब जोन्स या कट्टर ख्रिस्ती विद्यापीठात तर आंतरवंशीय प्रेमप्रकरणांवरची बंदी 2000 सालापर्यंत होती. तीही उठली ती जॉर्ज बुश प्रचाराला तिथे जाऊन आले आणि गाजावाजा झाला तेव्हा. साक्षात्काराला असा हातभार लागतो कधी कधी.

आणि याच मंडळींनी 2012 मध्ये काय केलं? नामांकित इव्हॅन्जेलिकल धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर मॉर्मन पंथ भोंदू पंथांच्या यादीत होता. ऑक्टोबरमध्ये रॉम्नी ग्रॅहमना भेटून आले आणि त्या यादीतून मॉर्मनांचं नाव गेलं. नोव्हेंबरमध्ये दर पाच गोऱ्या इव्हॅन्जेलिकल मतदारांपैकी जवळपास चौघांनी रॉम्नींना मत दिलं. ओबामांच्या बाबतीत त्यांची धर्मचिकित्सा मात्र 2008 पासून जागीच होती. ओबामांचे पाद्री जेरेमाया राइट काय बोलले, ते शब्दन् शब्द पाठ.

एक प्रकरण मात्र गाळा, सगळा सल्ला त्याने बिघडतो. मिट यांचे वडील जॉर्ज रॉम्नी, तेही कट्टर मॉर्मन आणि मिशिगनचे गव्हर्नर. 1964 मध्ये चर्चच्या बारा ‘प्रेषितां’पैकी, म्हणजे वरिष्ठ नेत्यांपैकी एक, डेल्बर्ट स्टेपली, यांनी त्यांना पत्र लिहून बजावलं की नागरी हक्कांचा हा आग्रह देवाच्या मर्जीविरुद्ध आहे. पोथीही बंदीच्या बाजूची, प्रेषितही. पत्र वाचूनही गव्हर्नरसाहेब नागरी हक्कांच्या बाजूने उभेच राहिले. अशा माणसाचं मत त्याच्या पोथीवरून कसं ओळखायचं?

2012 च्या तुमच्या नोट्स फेकू नका. 7 जून 2020 ला, त्या साक्षात्काराच्या जाहीरनाम्याच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, सिनेटर मिट रॉम्नी वॉशिंग्टनमध्ये काळ्यांच्या जिवाला मोल आहे असं म्हणत मोर्चात चालत होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांची टिंगल केली. आठ वर्षांपूर्वी पाचवा अध्याय पाठ करणारे टाळ्या वाजवत होते, आणि रडण्याचा प्रसंग सांगणारे चिडले होते. दोन्ही बाजूंना एकमेकांच्या नोट्स हव्या होत्या. अदलाबदल करायची असेल तर लवकर करा, पुढची निवडणूक लांब नसते.