"खोटी आशा विकताय" या कमेंटला उत्तर

नमस्कार साहेब, कॅन्सरच्या गाठीवर रेडिएशन आणि कॅन्सरच्या पेशी मारणारा व्हायरस एकत्र वापरण्यावरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंत की लंडनच्या ट्रायलमध्ये पेशंट फक्त १७, तुलनेला दुसरा गट नाही, शिवाय सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालूच होतं, मग १४ जणांच्या गाठी कमी झाल्या त्याचं श्रेय व्हायरसला कसं. आणि शेवटी, "डॉक्टर नसताना पेशंटच्या घरच्यांना खोटी आशा विकताय". आधीचं सगळं ठीक आहे, सुरुवातीच्या ट्रायल छोट्याच असतात, त्यात शिरत नाही. पण हे शेवटचं वाक्य रात्री वाचलं आणि झोप उडाली.

विकताय म्हणजे काय हो? ब्लॉगवर एक जाहिरात नाही, कुणाकडून एक रुपया घेतलेला नाही. २०१४ला वडिलांच्या घशात गाठ निघाली, ३५ शेक (रेडिएशन) झाले, रोज मीच न्यायचो. तो जाळीचा मास्क तोंडावर ठेवून टेबलाला घट्ट अडकवतात, बाहेर आले की कपाळावर आणि गालांवर जाळीचे ठसे उमटलेले असायचे, तिसऱ्या आठवड्यापासून वरणाचं पाणीसुद्धा गिळवेना, आई पेज गाळून चमच्याने द्यायची. आणि शेक आत नेमकं काय करतो हे आम्हाला एकाही माणसाने बसवून सांगितलं नाही. म्हणून मी लिहितो. रेडिएशनच्या खोलीबाहेरच्या त्या बाकड्यावर तुम्ही बसलायत का कधी?

रेडिएशनने पेशीचा डीएनए तुटतो, पेशी तो जोडायला धडपडते, आणि जपानच्या ओकायामा विद्यापीठातला टेलोमेलायसिन हा कॅन्सरसाठी बदल करून बनवलेला अ‍ॅडेनोव्हायरस (मुळात सर्दी-खोकल्याचा व्हायरस) नेमकी ती दुरुस्तीच अडवतो. उलट शेक बसलेल्या पेशीत व्हायरसला शिरायलाही सोपं जातं, म्हणजे दोघं एकमेकांचं काम सोपं करतात. ऑपरेशन किंवा केमो न झेपणाऱ्या, अन्ननलिकेचा कॅन्सर असलेल्या १३ जणांना तिथल्या डॉक्टरांनी एंडोस्कोपीतून थेट गाठीत तीनदा इंजेक्शन दिलं, सोबत ६ आठवड्यांत ६० ग्रे (डोस मोजायचं एकक) रेडिएशन, आणि ८ जणांची गाठ दिसेनाशी झाली. २०२१ला छापून आलंय. १३ म्हणजे थोडेच, माहितीय मला, मोजता येतं. पण आशा खोटी कुठे आहे यात? हे प्रयोग आहेत, उद्या डॉक्टरांकडे जाऊन मागू नका, असं पोस्टमध्ये ठळक अक्षरात लिहिलंय, ते वाचायच्या आधीच तुमची कमेंट टाईप झालेली दिसते.

एक चूक मान्य, त्या पोस्टच्या दुसऱ्या परिच्छेदात विषाणूच्या जागी जिवाणू पडलं होतं, दुरुस्त केलंय, धन्यवाद.

पण डॉक्टर नसलेल्याने बापाच्या आजाराबद्दल वाचू नये, लिहू नये, हे मी ऐकून घेणार नाही. लंडनच्या ट्रायलमध्ये वापरलेल्या त्याच हर्पिसच्या व्हायरसला, टी-वेकला, २०१५ला अमेरिकेत मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरसाठी परवानगी मिळाली, पुढची पोस्ट त्यावरच आहे. या, चुका काढा, फक्त "विकताय" हा शब्द परत वापरू नका.