डॉक्टरांच्या स्मरणार्थ पाणपोई कशी बांधावी

गावचे डॉक्टर गेले की दहाव्याला जमलेल्यांत कुणीतरी म्हणतंच, "डॉक्टरांचं काहीतरी उभं राहायला पाहिजे." ही वेळ दवडू नका, तिथल्या तिथे स्मारक समिती काढा. सदस्य निवडायला डॉक्टरांची उधारीची वही मागवा. बाकी जेवढी मोठी, तेवढा जिव्हाळा दाट. सगळ्यात मोठ्या थकबाकीदाराला अध्यक्ष करा, तो गहिवरून बोलेल.

कुणी दवाखाना, कुणी रुग्णवाहिका सुचवेल. हाणून पाडा. दवाखान्याला डॉक्टर लागतो, रुग्णवाहिकेला डिझेल. पाणपोईला नुसतं पाणी लागतं, तेही उद्घाटनापुरतं.

शिवाय औचित्यही साधतं. डॉक्टर जन्मभर पाण्यावरच तर बोलत होते. विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, टाका, पाणी उकळून प्या, पोराला जुलाब लागले तर आधी साखर-मीठ-पाणी पाजा, सलाईनचा हट्ट धरू नका. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की ते ग्रामपंचायतीत येऊन बसायचे आणि 'पावडर तालुक्याहून यायचीय' हे ऐकून परत जायचे. भाषणात यातलं काही काढू नका. 'देवमाणूस' म्हणा आणि बसा. देवमाणसाचं ऐकावं लागत नाही, हार घातला की भागतं.

मुख्य बांधकाम कोनशिलेचं. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. वरून मा. आमदार, मा. जिल्हा परिषद सदस्य, सभापती, सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य, ग्रामसेवक, मग ठेकेदार. 'प्रमुख उपस्थिती'खाली दोन ओळी मोकळ्या ठेवा, ऐनवेळी कुणीतरी रुसतंच. एवढं करून तळाशी जागा उरली तर तिथे 'कै.' घालून डॉक्टर. त्यांच्या नावातली वेलांटी चुकली तरी हरकत नाही, ते काही तक्रार घेऊन येत नाहीत. आमदारांची चुकली तर दगड बदला.

तोट्या पितळी नकोत, पहिल्याच बाजाराच्या दिवशी जातात. प्लॅस्टिकच्या लावा, त्या नुसत्या मोडतात. पेला मात्र साखळीनं बांधा आणि त्याची लाज धरू नका. १८५९ साली लंडनमध्ये पिण्याच्या पाण्याचं पहिलं फुकट सार्वजनिक कारंजं सुरू झालं, तेव्हा तिथेही पेले साखळीनंच बांधले होते. माणसावरचा भरवसा सगळीकडे सारखाच.

लंडनचा विषय निघालाच आहे तर आणखी एक दाखला हाताशी ठेवा. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात कॉलऱ्यानं सहाशेच्या वर माणसं गेली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं कुठल्या घरी कोण कुठलं पाणी पितं हे दारोदार विचारलं, बोट तिथल्या हातपंपावर ठेवलं आणि पंपाचा दांडा काढायला लावला. साथ ओसरल्यावर अधिकाऱ्यांनी तो दांडा पुन्हा बसवलासुद्धा! (म्हणजे पावडर तालुक्याहून यायची असते, ही अडचण आपल्याकडचीच नाही.) पुढे १९९२ मध्ये त्याच्या आठवणीत तिथे पंप उभा केला, तो मुद्दाम बिनदांड्याचा. तुमच्या पाणपोईला वर्षभरात तोटी राहिली नाही आणि कुणी कुरकुर केली, तर हे ठणकावून सांगा. त्यांना दांडा ठरवून काढावा लागला, आपल्याकडे ठरावही लागला नाही.

मुंबईतल्या जुन्या प्याऊंचं उदाहरण मात्र टाळा. तिथे शेठ लोकांनी खाली गुराढोरांसाठीही हौद ठेवले. फोर्टात रतनसी मुळजींनी गेलेल्या मुलाच्या आठवणीत प्याऊ बांधली. असल्या गोष्टी ऐकल्या की लोक पाणी मागू लागतात. फारच कुणी हट्टाला पेटला, तर त्यातल्या कितीतरी प्याऊ वर्षानुवर्षं कोरड्या पडल्या होत्या, तेवढं सांगून विषय बदला.

उद्घाटनाला टँकर मागवा. टाकी आतून धुवायची गरज नाही, बाहेरून निळा ऑइलपेंट पुरे. पाहुण्यांना अर्थातच सीलबंद बाटल्या द्या, पाहुणे आजारी पडले तर आता गावात डॉक्टर नाहीत. आरोग्यसेवक ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करायला आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पाण्यात क्लोरीन असला की नमुना पिवळा होतो. आपल्या टाकीतलं पाणी मुळातच पिवळं असल्यानं औषधाचे थेंब वाचतात.

पाडव्याला झाडाखाली रांजण मांडायचे, त्यात वाळा टाकायचा आणि ओगराळ्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायचं, ही जुनी पद्धत अजून कुणा म्हातारीला आठवत असेल, तर तिला समितीत घेऊ नका. ती रांजण रोज घासायला लावते.

वर्षश्राद्धाला डॉक्टरांचा मुलगा येईल. कोरडी टाकी बघून तो म्हणेल, "बोअर मारू, खर्च मी देतो." दचकू नका. कोनशिलेवर जागा शिल्लक नाही, हे त्याला समजावून सांगा. देणगीदाराचं नाव घालायचं तर दुसरा दगड आला, दुसऱ्या दगडाला दुसरं उद्घाटन आलं, आणि आमदारांची तारीख पावसाळ्याआधी मिळणं कठीण.