लाहोर लाहोर काय करता, अखनूर बोला!

काल कामठीत तर्री-पोह्याच्या ठेल्यावर पुन्हा तोच वाद. "पासष्टमध्ये लाहोर घेऊनच टाकायला पाहिजे होतं बे!" ज्यानं त्यानं आपापली फौज लाहोरात घुसवली.

मला या लाहोरप्रेमाचा कंटाळा आलाय. 6 सप्टेंबर 1965 ला आपण लाहोरकडे निघालो ते मुळात चिनाबवरच्या एका पुलासाठी. 1 सप्टेंबरला पहाटे पाकिस्ताननं जम्मू भागातल्या छांबवर तोफा डागल्या, मागोमाग पॅटन रणगाडे घातले. आपल्याकडे तिथे होते हलके एएमएक्स रणगाडे. पाकिस्तानला गाठायचं होतं चिनाबकाठचं अखनूर. तिथला पूल गेला असता तर छांब, राजौरी, पूंछकडच्या आपल्या फौजेची रसद तुटली असती, आणि पुढे जम्मू उघडं.

आमच्या शेजारचे काका फौजेत गाड्या चालवायचे, काही वर्षं अखनूरलाच होते. त्यांनी पोह्याच्या दोन प्लेटांवर आडवा चमचा ठेवला. "हे जम्मू, हे अखनूर." मग चमचा काढून घेतला. "आता पोचव राजौरीले राशन."

1 सप्टेंबरच्या त्या दिवशी संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. वायुदल उतरवायचं की नाही, हा निर्णय त्यांनी वायुदलप्रमुख अर्जनसिंगांशी बोलून काही मिनिटांत घेतला. संध्याकाळी जुनाट व्हँपायर विमानं उडाली आणि चार पडली. महाग सौदा होता, पण हात बांधून बसणं त्याहून महाग पडलं असतं. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' हे आपण बासष्टसाठी घोकतो. माझ्या मते सह्याद्रीची खरी परीक्षा या संध्याकाळी झाली.

कुणी म्हणतं, 2 तारखेला पाकिस्ताननं ऐन लढाईत सेनापती बदलला, अख्तर मलिक जाऊन याह्याखान आले, म्हणून अखनूर वाचलं. अर्धं खरं आहे. वेळ त्यांनी घालवला, पण तो आपण वापरला ना! 6 तारखेला पंजाबात आघाडी उघडली आणि त्यांना तिकडे धावावं लागलं. अखनूर त्यांच्या हाती लागलंच नाही. एकाहत्तरमध्येही छांब गेलं, अखनूर नाही.

आता लाहोरवाला कुणी भेटला की मी आधी मोबाइलवर नकाशा उघडून देतो. म्हणतो, भाऊ, अखनूर दाखव. बहुतेक जण पंजाबात शोधतात.