कॉलेज फुटबॉलचं तिकीट काढताय? मग हे वाचाच

गेल्या शनिवारी माझं जे झालं ते तुमचं होऊ नये म्हणून हा लोकहितार्थ लेख. अमेरिकेत एमएस करायला आलेल्या, पहिल्याच ऑक्टोबरमध्ये कुणीतरी स्टेडियममध्ये ओढत नेलेल्या, तिथला बँड ऐकून अंगावर काटा आलेल्या आणि वीस वर्षं झाली तरी कॉलेजचा तो विटका स्वेटशर्ट टाकून न देणाऱ्या तमाम मराठी बंधुभगिनींसाठी. (ज्यांना हा हाताने खेळायचा फुटबॉल कळत नाही त्यांनी आयपीएल डोळ्यांसमोर ठेवून वाचलं तरी चालेल.)

तर पहिलं म्हणजे, तिकीट काढताना मॅच किती वाजता आहे असला बालिश प्रश्न विचारू नका. तारीख दिलीय ना? बास. वेळेच्या जागी टीबीडी (टू बी डिटरमाइन्ड, म्हणजे नंतर ठरवू) लिहिलेलं असतं, त्याचा खरा अर्थ चॅनेलवाल्यांचा मूड लागायचाय. ते साधारण बारा दिवस आधी वेळ सांगतात, आणि नाहीच जमलं तर सहा दिवस आधी. आमची होमकमिंगची, म्हणजे माजी विद्यार्थ्यांना बोलावतात ती मॅच दिवाळीच्या आदल्या शनिवारी. जुना रूममेट विमानाने येणार, मी दोन तास गाडी मारत जाणार, आमच्या वेळी मॅच दुपारी साडेबाराला असायची तशीच धरली तर चारला संपेल, साडेसहाला घरी आणि सातला मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम, ज्याचं साउंड दरवर्षी माझ्याकडे असतं. बारा दिवस आधी मेल आला, निर्णय सहा दिवसांवर ढकललाय. मग रविवारी वेळ आली. संध्याकाळी साडेसात. बायको काही बोलली नाही, नुसती चकल्या तळत राहिली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असतं हे लग्न झालेल्यांना सांगायला नको. साउंड शेजारच्या नववीतल्या पोराकडे सोपवलं, निवेदिकेचा माईक अर्धा कार्यक्रम बंद होता म्हणे, आणि ते अजून मलाच ऐकावं लागतंय.

दुसरं, थंडीची सवय करा.

आणि गेलात तर खेळाकडे बघू नका, मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बघा. त्याच्या हातात लाल आकड्यांचा बोर्ड असतो, जाहिराती संपायला किती सेकंद उरलेत ते दाखवणारा. खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे, रेफरी उभा, बँड तेच गाणं चौथ्यांदा वाजवतोय, आणि पंचेचाळीस-पन्नास हजार माणसं ॲल्युमिनियमच्या गारढोण बाकावर बसून त्या बोर्डवरचे आकडे कमी होताना बघतायत. घरी सोफ्यावर बसलेल्याला निदान पिकअप ट्रकची जाहिरात तरी बघायला मिळते. आपण पैसे भरून काय बघतो, तर जाहिरात चालू असल्याचा पुरावा. मी हाफटाइमला उठलो.

तिसरं, शाळेत शिकलेला भूगोल विसरा. मूळ कल्पना अशी होती की आसपासची दहा-बारा कॉलेजं मिळून एक कॉन्फरन्स करायची, बसने जाता येईल अशा अंतरावर, एकमेकांची जिरवायची. आता बिग टेन नावाच्या कॉन्फरन्समध्ये अठरा टीम आहेत, बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा, आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये (एसीसी) कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत, ज्यांच्या पोरांना संध्याकाळी फिरायला बाहेर पडलं की पॅसिफिकवरचं धुकं दिसतं. त्यांनी पहिली काही वर्षं टीव्हीच्या पैशाच्या ३० टक्के वाट्यावर नोकरी पत्करली. डॅलसची एसएमयू युनिव्हर्सिटी तर त्यांच्याही पुढची, नऊ वर्षं टीव्हीचा एक पैसा घेणार नाही म्हणून नुसत्या नारळावर नांदायला आली. स्टॅनफर्ड आणि बर्कली पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्या पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्समधून उठून गेली तिची परंपरा १९१५ पासूनची. ३० जून २०२२ ला, इकडे मुंबईत नवे मुख्यमंत्री शपथ घेत होते त्याच दिवशी, त्याच पॅक-ट्वेल्व्हमधल्या, लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या युनिव्हर्सिट्यांनी आम्ही बिग टेनमध्ये चाललो असं जाहीर केलं. गुवाहाटीला न जाता. पुढच्या वर्षी जुलैत कोलोरॅडो गेलं, ४ ऑगस्टला एका दिवसात पाच जणांनी सामान बांधलं, १ सप्टेंबरला बे एरियातले दोघे, स्टॅनफर्ड आणि बर्कली. उरले ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. ते कॉन्फरन्सच्या ताब्यासाठी कोर्टात गेले आणि जिंकलेसुद्धा. निदान त्यांना नाव आणि चिन्ह तरी मिळालं.

चौथं, जुनी भांडणं विसरा. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेटची शंभर वर्षांहून जुनी खुन्नस २०२३ नंतर कॅलेंडरवरच नाही.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या कॉलेजची टीव्ही व्हॅल्यू समजून घ्या. आधी केबलचा जमाना होता तेव्हा हिशोब सोपा होता, तुमच्या भागात केबलवाली घरं किती ते मोजायचं, कारण कॉन्फरन्सच्या चॅनेलचे पैसे प्रत्येक घराच्या बिलातून कापले जायचे, बघा नाहीतर नका बघू. २०१४ मध्ये न्यू जर्सीचं रटगर्स बिग टेनमध्ये आलं ते काही त्यांच्या खेळावर भाळून नाही, शेजारी न्यूयॉर्क होतं म्हणून. पुढे लोकांनी केबल कापली आणि घरं मोजण्यात राम राहिला नाही, म्हणून आता डोळे मोजतात. एसीसीवर क्लेमसन आणि फ्लोरिडा स्टेटने केस टाकली होती, ती मार्च २०२५ मध्ये मिटली ती कशावर, तर टीव्हीच्या मूळ पैशातला ६० टक्के भाग गेल्या पाच वर्षांत कुणाला किती लोकांनी बघितलं त्यावर वाटायचा. ऐकायला किती न्याय्य वाटतं नाही? जो बघितला जातो त्याला पैसे. पण मला सांगा, कोण कधी बघितला जाणार हे ठरवतं कोण? वेळ चॅनेलवाले ठरवणार, चॅनेल चॅनेलवाले ठरवणार. लाडक्या टीमला शनिवारी दुपारी मोठ्या चॅनेलवर बसवणार, जिथे टीव्ही चालू असतोच आणि आजोबा झोपलेले असले तरी एक प्रेक्षक म्हणून मोजले जातात, आणि पश्चिमेकडच्या टीमला रात्री साडेसातला, म्हणजे पूर्वेला साडेदहाला, तेही कुठल्यातरी दोन नंबरच्या चॅनेलवर, आणि वर्षाच्या शेवटी तक्ता काढून म्हणणार, बघा हो, तुम्हाला कुणी बघतच नाही. अरे दुकानाचं शटर तुम्ही अर्धं ओढलंत आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून भाडं वाढवताय! पॅक-ट्वेल्व्हवाले स्वतःही काही कमी नव्हते म्हणा, २०१२ मध्ये स्वतःचं चॅनेल काढलं आणि ते डायरेक्टटीव्ही या डिशवाल्या कंपनीवर कधी लागलंच नाही, ती घोडचूक त्यांचीच. पण रात्री साडेदहाला झोपलेल्या बॉस्टनच्या माणसाचा दोष ऑरेगन स्टेटच्या गावच्या, कॉर्व्हॅलिसच्या पोराच्या माथी कशाला? आणि रटगर्सचं काय केलं बघा. २५ ऑक्टोबर २०२४, शुक्रवार, मॅच लॉस एंजेलिसमध्ये, न्यू जर्सीच्या घड्याळात किकऑफ रात्री अकरा वाजता. न्यूयॉर्कचे डोळे पाहिजेत म्हणून ज्यांना आत घेतलं त्यांना डोळे मिटायच्या वेळेला खेळवलं.

सहावं, पैशाबद्दल विचारू नका. २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, ७०० कोटी डॉलरच्या वरचा. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये कोचला हाकललं तेव्हा त्याला काम न करण्याचे साधारण ७ कोटी ६० लाख डॉलर देणं लागलं. यातून तुमच्या तिकिटाची किंमत कमी कशी झाली नाही असं विचारणारे तुम्ही कोण?

सातवं लिहिणार होतो, विनोदी होतं, पण राहू दे.

कारण मॅचच्या दोन दिवस आधी, गुरुवारी रात्री, मी रूममेटला घ्यायला एअरपोर्टवर गेलो तर तिथे तिकीट काउंटरशेजारी जमिनीवर एका कॉलेजच्या व्हॉलीबॉलच्या मुली बसल्या होत्या, सारखे ट्रॅकसूट, मांडीवर लॅपटॉप, एक जण बॅगेवर डोकं ठेवून झोपलेली, एक जण केमिस्ट्रीची असाइनमेंट बारा वाजायच्या आत सबमिट करायच्या घाईत. देश ओलांडून खेळायला चालल्या होत्या. त्यांच्या मॅचवर कुणी ७०० कोटी लावलेले नाहीत. फुटबॉलवाले निदान चार्टर विमानाने जातात, आणि २०२५ पासून कॉलेजं त्यांना थेट पैसेही देऊ शकतात, उशिरा का होईना ते बरोबरच झालं. या मुलींना काय मिळालं? तीन टाइम झोन. आणि त्यांच्या युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट कॅमेऱ्यासमोर उभे राहून विद्यार्थ्यांचं हित म्हणतात. हित? खोटं बोलताय तुम्ही, तोंडावर खोटं बोलताय. पैसे पाहिजे होते, घ्या ना, पण तसं सांगा. आयपीएलने पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले तेव्हा हे आम्ही शिक्षणासाठी करतोय असं नाही कुणी म्हणालं.

आणि तुम्ही, हो तुम्हीच, व्हॉट्सॲप ग्रुपवर दर मंगळवारी आमच्या मॅचला किती मिलियन आणि तुमच्या मॅचला किती मिलियन करणारे. तुम्हाला काय डिव्हिडंड येतो का त्यातून? आपल्याच कॉलेजची टीम शेजाऱ्याला टाकून गेली तेव्हा तुम्ही ब्रँड म्हणून टाळ्या पिटल्यात, मीही पिटल्या. आता थंडीत बसा. आणि ते रेटिंगचे तक्ते मला पाठवणं बंद करा.